गुरुवारी बाई नव्हत्या

धुमाळ बाई वर्गात आल्या की आधी मुलींचे हात बघायच्या. गणपती उठले की तर रोज. मी शाळेत नवा शिक्षक होतो तेव्हा मला वाटलं, नखं तपासतायत. मग एकदा नववीतल्या एका मुलीचा हात धरून त्या उभ्याच राहिल्या. हात पिवळा होता.

"सैपाक केला बाई," मुलगी म्हणाली.

"असं? आणि कोपरापर्यंत कशाची भाजी केलीस?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. मधल्या सुट्टीत स्कूटी काढून त्या मुलीच्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशीचं लग्न थांबवूनच परत आल्या आणि पाचव्या तासाला विज्ञान शिकवलं.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, नगर जिल्ह्याच्या कोरड्या पूर्वेकडची. इथली निम्मी घरं दसऱ्यानंतर कोपरगाव-संगमनेरकडे ऊस तोडायला जातात. मुकादमाला नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. एकट्या पोराला कोण घेत नाही, म्हणून हंगामाच्या तोंडावर त्याचं लग्न उरकायचं. मुहूर्तबिहूर्त बघायलाही कोणी थांबत नाही. आणि नवऱ्या मुली असतात आमच्या आठवी-नववीच्या बाकांवर.

बाईंना गावात शिव्या खूप मिळाल्या. एका बापाने तर ओट्यावरूनच विचारलं, "बाई, तुमाला सोताची लेकरं न्हाईत का?"

"आहेत की. नववी अ आणि नववी ब."

प्रयोगशाळा म्हणजे आमच्याकडे एक कपाट. त्यातली काचेची नळी फुटली की मुली रडायला लागायच्या. बाई म्हणायच्या, "नळी दुसरी येईल गं. तू उद्या ये म्हणजे झालं." तू उद्या ये, हे त्यांचं पालुपद होतं. शाबासकी देतानाही तेच, रागावतानाही तेच. एकदा रविवारी एसटीने त्या कोपरगावकडच्या उसाच्या फडात गेल्या होत्या. तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोपीत शिरून एका मुलीला परीक्षेपुरतं मागून आणलं, आणि परीक्षा होईपर्यंत स्वतःच्या घरी ठेवून घेतलं.

आता जे सांगायचंय ते सांगतो. सोनालीचं लग्न माझ्यामुळे झालं.

सोनाली नववीत होती. तिचा बाप अंकुश माझ्या बायकोचा चुलतभाऊ. शाळेसमोरच्या टपरीवर त्याने मला हाक मारली, "दाजी, या, च्या घ्या." ऊन, पाणी, मुकादम, सगळं बोलून झालं. मग बशी ओठाला लावता लावता म्हणाला, "तुमच्या त्या बाई गुरुवारी हायेत का शाळंत?"

"नाहीत. नगरला प्रशिक्षण आहे. का रे?"

"काय न्हाई, आसंच. पोरीच्या अभ्यासाचं इचारायचं हुतं."

पोरीच्या अभ्यासाचं अंकुशने जन्मात विचारलं नव्हतं. मला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं. मी चहा संपवला.

बुधवारी जेवणाचं आवतण आलं. पाहुण्यांचं काम, नाही कसं म्हणणार, असं मी बायकोला म्हणालो आणि गुरुवारी दोघं गेलो. मांडव घराच्या मागे होता, वाजंत्री नव्हती. मुंडावळ्या बांधलेली सोनाली पाटावर बसली होती. मला बघितलं आणि ती उठून उभी राहिली. वर्गात सर आले की राहतात, तशी. बायकांनी खांदा दाबून तिला खाली बसवलं. मी अक्षता टाकल्या. पंगतीला बसलो.

शुक्रवारी बाई आल्या, रिकामं बाक बघितलं, मुलींनी सांगितलं. शिक्षकांच्या खोलीत त्या माझ्या समोरच बसल्या. "मी जायला नको होतं हो सर. पण मी नाही हे त्यांना कळलं कसं?"

"गावात काय लपतं बाई," मी म्हणालो.

पुढे प्रत्येक नव्या शिक्षकाला त्या ही गोष्ट स्वतःची चूक म्हणून सांगायच्या. मी तिथेच वह्या तपासत असायचो.

निवृत्तीच्या समारंभातही त्यांनी तेच सांगितलं. "माझ्या गाफीलपणामुळे एक मुलगी गेली." समोर मुलं टाळ्या वाजवत होती. सगळे पांगल्यावर त्या स्कूटीला हारांची पिशवी अडकवत होत्या. मी जाऊन सांगून टाकलं.

त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "जेवलात का तिथं?"

"हो."

"तिनं बघितलं तुम्हाला?"

"बघितलं. उठून उभी राहिली."

बाई शाळेच्या पायरीवर मटकन बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "मला कशाला सांगताय? मी निघाले. नववीला सांगा."

"मुलींना?"

"सगळं. जेवलात तेसुद्धा."

मी नमस्काराला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. आता त्या संगमनेरला लेकीकडे असतात. माझा फोन उचलत नाहीत.

मी महिनाभर टाळलं. मग एका सकाळी धडा मिटून ठेवला आणि नववीला सगळं सांगितलं. अंकुशचा चहा, माझं उत्तर, अक्षता, पंगत. एकही मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. मागच्या बाकावरची कोमल उभी राहिली. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न रविवारी होतं. आम्ही सगळे शिक्षक जाणार होतो.

"सर, पत्रिकेवर ताईचंच नाव हाय," ती म्हणाली. "पन मांडव आमच्या दोघींचा हाय."

आवतण द्यायला तिचा बाप शाळेत आला होता. त्याच्याशी मी हसून बोललो होतो.

"तुमी येनार हाय का सर?"

"येणार," मी म्हणालो. "रविवारी नाही. आत्ता. चल."