पुकाकांचाचा फाटा

लुस्मिला चांपी गाइड झाली तेव्हा पुकाकांचात सगळ्यांना आपल्याच घरात काहीतरी चांगलं घडल्यासारखं वाटलं होतं. चिन्चेरोचं पठार संपून रस्ता उरुबांबाच्या खोऱ्यात उतरायला लागतो, तिथे उजवीकडे एक कच्चा फाटा फुटतो. त्या फाट्याने थोडं वर चढलं की पुकाकांचा. बटाटा, सातू आणि वाल पिकवणारं गाव. तिथली ती पहिली मुलगी, जी कुस्कोत जाऊन शिकली.

शिकली म्हणजे काय, तर लहानपणीच एका शहरी घरात कामाला राहिली. दिवसभर घरकाम आणि संध्याकाळी शाळा, असा ठराव होता. त्या घरच्या बाईला स्वयंपाकघरात गावाकडची केचुआ भाषा बोललेली खपत नसे. एक शब्द तोंडून निघाला की जेवणातलं मांस बंद. लुस्मिला स्पॅनिश शिकली, मग जुन्या कॅसेट ऐकून ऐकून इंग्रजी शिकली, पर्यटनाचा कोर्स केला आणि गाइडचं ओळखपत्र गळ्यात अडकवलं. पुढे ज्या एजन्सीत ती लागली, त्यांनी जाहिरातीत छापलं, ‘आमच्या गाइड इंकांची भाषा बोलतात.’ जी भाषा बोलली म्हणून ताटातलं मांस गेलं, तीच आता पगाराचं कारण झाली होती. याचं हसू यावं की रडू, हे तिला कधी ठरवता आलं नाही.

आता ती पन्नाशीकडे झुकली होती. नवरा केव्हाच लीमाला गेला होता आणि तिकडेच रमला होता. मुलगी आरेकिपाला नर्सिंग शिकत होती. आठवड्यातून एकदा तरी एखादा गट घेऊन लुस्मिला त्या फाट्यावरून जायची. बस कधी थांबायची नाही. थांबायला जागाच नव्हती वेळापत्रकात. पिसाकचा किल्ला आणि पायऱ्यांची शेतं, चांदीचं दुकान, मोरायची वर्तुळाकार शेतं, मारासची मिठागरं, लोकरीचं दुकान, मग ओल्यांतायतांबोहून माचू पिच्चूकडे जाणारी संध्याकाळची आगगाडी. किल्ल्याला कमी वेळ आणि दुकानाला जास्त, हे गणित एजन्सीच्या मालकाने, सेन्योर गामार्राने, बसवलेलं होतं आणि त्याच्यावर बोलायची सोय नव्हती.

गावाशी तिचं बिघडलं ते या गामार्रामुळेच. काही वर्षांपूर्वी नाताळच्या जेवणात दोन पेले पोटात गेल्यावर तो तिला लाडाने म्हणाला होता, “लुस्मिलिता, तुझ्या गावाने बसायला छप्पर आणि धड संडास बांधले, तर गट जेवायला तिकडे नेऊ की.” ती दुसऱ्याच रविवारी वर गेली आणि सभेत हे सांगून आली. पुकाकांचाच्या लोकांनी पेरणी उरकून सामुदायिक श्रमदान काढलं. विटा पाडल्या, कौलं चढवली, फ्लशचे दोन संडास बसवले. बायकांनी सणाच्या टोप्या पेटीतून काढून उन्हात ठेवल्या.

मग गामार्रा म्हणाला, पुढच्या हंगामात बघू. पुढच्या हंगामात म्हणाला, फाट्यावर बस वळत नाही. फाटा रुंद केला, तर विम्याचं काहीतरी निघालं. दर वेळी लुस्मिला वर जाऊन नवं कारण सांगायची आणि दर वेळी स्वतःच्याच पदरचं एक वाक्य जोडायची, “पण नाही म्हणालेला नाही.” हळूहळू लोक ऐकेनासे झाले. सणाला गेली की कोणीतरी विचारायचंच, “काय गं लुस्मिला, तुझे गोरे जेवायला बसायच्या आधी अजून हातच धुताहेत का?” बायका हसायच्या. तीही हसायची, आणि परतीच्या कॉम्बीत, म्हणजे तिकडच्या वडाप मिनीबसमध्ये, खिडकीकडे तोंड करून बसायची.

त्या जुलैत, म्हणजे तिकडच्या कोरड्या हिवाळ्यात, तिच्याकडे आलेला गट बहुतेक निवृत्त माणसांचा होता. स्वभावाने बरी माणसं होती. ग्रॅहम नावाचा एक उंच इंजिनियर होता, त्याने येण्याआधी बरंच वाचलं होतं आणि तिचं वाक्य संपायच्या आत तो मान डोलवायचा. डोरीन नावाची एक म्हातारी शिक्षिका होती, तिचे गुडघे दुखत आणि ती कधी कुरकुरत नसे. पहिल्या सकाळी लुस्मिलाने सगळ्यांना नेहमीची ताकीद दिली होती: रस्त्यावरचं खायचं नाही, नळाचं पाणी प्यायचं नाही, कोणी काही हातावर ठेवलं तर हसून नको म्हणायचं. हे भाषण एजन्सीने लिहून दिलेलं होतं. इतक्यांदा म्हणून झालं होतं की बोलताना तिच्या डोक्यात दुसरेच विचार चालू असायचे.

मिठागरांकडे निघालेली बस फाट्याच्या अलीकडे थांबली. पुढे ट्रक, कॉम्बी आणि दुसऱ्या एजन्सीच्या बसगाड्यांची रांग लागली होती. त्यापलीकडे रस्ताभर दगड रचलेले, निलगिरीचे ओंडके आडवे टाकलेले आणि धूर.

“बंद आहे,” ड्रायव्हर विल्बर म्हणाला. मग काचेतून नीट बघून त्याने हळूच जोडलं, “सेन्योरा, ही तुमचीच माणसं दिसतात.”

मागून ग्रॅहमने विचारलं की काय झालं. लुस्मिलाने सांगितलं की गावकऱ्यांनी रस्ता अडवलाय, पाण्यासाठी. पावसाळ्यात दरड कोसळून पुकाकांचाचा पाट फुटला होता. नगरपालिकेचा इंजिनियर आला, फुटक्या पाटाशेजारी उभा राहून त्याने फोटो काढून घेतले आणि गेला. त्याला आता कितीतरी महिने झाले होते. हे तिने दोन वाक्यांत सांगितलं, कारण फोन वाजत होता. गामार्रा. आगगाडी चुकली तर उद्याची माचू पिच्चूची तिकिटं वाया जातील, वेळा ठरलेल्या आहेत, तू त्यांची भाषा बोलतेस ना, मग बोल.

ती उतरून गेली. दगडांच्या मागे गावाचा अध्यक्ष मेलितोन उभा होता, तिच्या काकांचा मुलगा. खांद्यावर दोर, गालात कोकाची पानं.

“ये पानाय,” तो म्हणाला. बहिणीला तिकडचे भाऊ अशीच हाक मारतात, पण त्या हाकेत आज माया नव्हती. “शेवटी आणलास गट. आम्ही वाटच बघत होतो.”

“मेलितोन, माझ्याकडे म्हातारी माणसं आहेत. फक्त माझी बस सोड.”

“तुझी सोडली तर त्याची का नको? आणि त्याच्या मागच्याची? तुला आम्ही दिसतो ते रस्ता अडवल्यावरच.”

“मी तुमच्यासाठी किती वेळा गामार्राच्या पाया पडले तुला माहीत आहे?”

“माहीत आहे. दर वेळी तूच येऊन सांगतेस.”

तिने पाटाबाबत गावाची बाजू खरी असल्याचं कबूल केलं, मग आपली नोकरी पुढे केली, मग मुलीचं शिक्षण. तो ऐकत होता आणि पानं चघळत होता. नगरपालिकेचा माणूस येऊन पाट बांधून देण्याच्या कागदावर सही करत नाही तोवर एक दगड हलणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. बसकडे परतून तिने हे फोनवर गामार्राला सांगितलं तर तो म्हणाला की तुझं वजन एवढंच का. तिकडे भाऊ तिला गामार्राचं माणूस समजत होता आणि इकडे गामार्रा तिला गावाचं.

बसमध्ये कुजबुज वाढली होती. कोणीतरी विचारलं की इंका लोक एकाएकी गेले तरी कुठे, हे सांगायचं तुम्ही राहून गेलात. विल्बरने स्पॅनिशमध्ये म्हटलं, “सांगा की, ते काय समोर ओंडके टाकताहेत.” लुस्मिलाने भाषांतर केलं नाही.

ऊन चढलं. डोरीनने तिला जवळ बोलावून अगदी संकोचाने विचारलं की जवळपास संडास आहे का. लुस्मिला पुन्हा दगडांपाशी गेली. मेलितोनने वर गावाकडे बोट दाखवलं.

“आहेत की. दोन. कोरे. तूच बांधायला लावलेस, विसरलीस?”

आणि अशा रीतीने, एवढ्या वर्षांनंतर, लुस्मिलाचा गट पुकाकांचात पोचला. एक गेली म्हणून दुसरा गेला, आणि शेवटी सगळेच रांगेने फाटा चढले. ग्रॅहम सारखा मागे वळून बसकडे बघत होता.

वर बायकांनी रस्ता अडवणाऱ्यांसाठी वातिया लावली होती. शेतातच ढेकळांची घुमटी रचायची, आत जाळ करून ती लाल होऊ द्यायची, बटाटे आत टाकून घुमटी वरून पाडायची. पाहुणे आलेले बघून लुस्मिलाची इपा, म्हणजे वडिलांची बहीण, फोर्तुनाता हिने काही न विचारता अर्धे बटाटे वेगळे काढले. गटांसाठी बांधलेल्या त्या दालनात घोंगड्या अंथरल्या, मध्ये बटाट्यांचा वाफाळता ढीग, बाजूला चीज आणि वाटून ठेवलेला हिरवा तिखट ठेचा. दोघीतिघी घरी जाऊन सणाच्या टोप्या घालून आल्या. इतकी वर्षं टोमणे मारणाऱ्या बायका दाराशी ओळीने उभ्या राहिल्या, हात पोटाशी धरून, पाहुणे पहिला घास घेतात कधी ते बघत.

पाहुण्यांनी घेतला नाही. ते हसले. छान हसून मान हलवली, छातीवर हात ठेवला, नको म्हणाले. एकाने खिशातून बिस्किटं काढली.

फोर्तुनाताने विचारलं, “काय गं, विष घातलंय असं वाटतंय का यांना?”

लुस्मिला इंग्रजीत म्हणाली की घ्या, निखाऱ्यात भाजलेले आहेत, याहून स्वच्छ अन्न कुस्कोच्या हॉटेलात मिळणार नाही. ग्रॅहम अतिशय सभ्यपणे म्हणाला, “पण लुस्मिला, पहिल्या दिवशी तुम्हीच आम्हाला सांगितलंत.”

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती घोंगडीवर मांडी घालून बसली, एजन्सीच्या निळ्या जाकिटाच्या बाह्या वर सारल्या, एक बटाटा उचलून बोटं भाजत सोलला आणि ठेच्यात बुडवून खाल्ला. मग दुसरा. कोणाकडे न बघता ती खात राहिली, रागाने खातात तशी. थोड्या वेळाने डोरीन भिंतीला धरून कशीबशी खाली बसली आणि तिने हात पुढे केला. फोर्तुनाताने तिचा बटाटा सोलून दिला. आणखी तिघाचौघांनी खाल्ले. बाकीचे बाहेर उन्हात उभे राहून घड्याळ बघत होते. दाराशी उभ्या बायका एकेक करून निघून गेल्या. ढीग निम्म्याहून जास्त उरला.

दुपार कलता कलता नगरपालिकेची गाडी आली. एका माणसाने बॉनेटवर कागद ठेवून सही केली आणि दगड बाजूला झाले. मिठागरं राहिली, लोकरीचं दुकानही राहिलं, पण विल्बरने उतारावर बस अशी हाकली की आगगाडी सुटायच्या आत सगळे फलाटावर होते. दुसऱ्या दिवशी माचू पिच्चूवर आभाळ स्वच्छ होतं. कोणाचं काही बुडालं नाही.

गट परत गेल्यावर गामार्राने तिला कचेरीत बोलावलं. गटातल्या दोघांची पत्रं आली होती; दोन्ही तक्रारी, निदान तिला आधी तसं वाटलं. ग्रॅहमने लिहिलं होतं की रस्ता अडवणारा माणूस गाइडचा नातेवाईक निघाला, जेवणही तिच्याच गावात मांडलेलं होतं, हा योगायोग त्याला पटत नाही. डोरीनने लिहिलं होतं की सगळ्या सहलीत ती एकच दुपार तिच्या लक्षात राहील.

“आता या बाईचं म्हणणं मला विचार करण्यासारखं वाटतं,” गामार्रा म्हणाला. “मातीतले बटाटे, घोंगड्या, टोप्यावाल्या बायका. लोकांना आवडेल हे. पुढच्या हंगामापासून कार्यक्रमात घेतोय.”

लुस्मिला खुर्चीत पुढे सरकली.

“पुकाकांचात नाही, लुस्मिलिता. तिथे नेलं तर हा ग्रॅहम म्हणतो ते खरं ठरेल. खाली हमरस्त्याला लागून माझ्या मेहुण्याचं रेस्टॉरंट आहे, मागे मोकळी जागा आहे. तिथे घुमटी रचायची. तुझ्या गावच्या दोन बायका मिळतील का, दाखवायला?”

ती उठली. त्याला काहीतरी जळजळीत सुनवावं असं तिच्या मनात होतं, वर्षानुवर्षं साठवलेलं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, “नाही मिळणार.” आणि बाहेर येऊन ती जिन्यात थांबून राहिली, कारण मुलीची फी भरायची होती आणि राजीनामा द्यायची ऐपत नव्हती.

रविवारी ती वर गेली. या वेळी तिने स्वतःचं वाक्य जोडलं नाही. सभेत उभी राहून म्हणाली, “गामार्रा कधीच गट आणणार नाही. मला हे फार आधी कळलं होतं. आता माझी वाट बघू नका.” कोणीतरी मागून शिवी दिली. सभा मोडल्यावर मेलितोन तिच्याजवळ आला. सही झालेला कागद घेऊन नगरपालिकेत तीनदा गेलो, म्हणाला, तिथला कारकून स्पॅनिश इतकी भराभर बोलतो की आपण मान डोलावून परत येतो. “गुरुवारी चल आमच्याबरोबर.”

“गुरुवारी गट आहे.”

तिने दोन दिवस विचार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा आजारी असल्याचं एजन्सीला खोटं कळवलं.

गुरुवारी त्या तिघांनी, तिने, मेलितोनने आणि फोर्तुनाताने, नगरपालिकेच्या बाकावर सबंध दिवस काढला. इंजिनियर पाहणीला गेले आहेत, कारकून सांगायचा. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं. लुस्मिलाने त्याच्याशी त्याच्याहून भराभर स्पॅनिशमध्ये वाद घातला, कागदावरची सही दाखवली, वरच्या साहेबाचं नाव विचारलं. कारकुनाने तिला पहिल्यांदा सेन्योरा म्हटलं, उठून खुर्चीही दिली, पण इंजिनियर काही आले नाहीत. खिडकी बंद करताना तो म्हणाला, मंगळवारी या.

“मंगळवारी माझा गट आहे,” लुस्मिला पायऱ्या उतरताना म्हणाली.

फोर्तुनाताने पाठीवरच्या गाठोड्यातून उकडलेल्या मक्याचं कणीस काढून मोडलं आणि मोठा तुकडा तिच्या हातात दिला. “तू ये, नाहीतर नको येऊस. आम्ही बसणारच आहोत.”

लुस्मिला कणीस खात उभी राहिली. समोरून कॉम्बी आली तेव्हा तिने हात दाखवला, आणि आत चढता चढता मेलितोनला विचारलं की मंगळवारी कितीला निघायचं.