ऑक्टोबरातला चीक

आमच्या घरात दारू कधी आली नव्हती. त्यामागे तत्त्व वगैरे नव्हतं. आली नव्हती एवढंच. मी आंब्याच्या रसाच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. तिथे दरवर्षी आरोग्य तपासणी होते आणि तिच्या अर्जात 'मद्यपान' या रकान्यापुढे मी सत्तावीस वर्षं 'नाही' असं लिहीत आलो. ते खरं होतं. त्यामुळे गेल्या ऑक्टोबरात मुलगी पुण्याहून आली आणि तिने थर्माकोलच्या खोक्यातून एक लिटरची तपकिरी बाटली काढून फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी उभी केली, तेव्हा मी आधी पावती मागितली. ती तिने हातातच धरलेली होती.

मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि पुण्यात एका लहानशा ठिकाणी बिअर बनवायच्या कामाला लागली. तिथे बनवतात आणि तिथेच विकतात. आम्ही नातेवाइकांना 'फूड कंपनीत आहे' असं सांगतो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही, आणि मला ते टोचतं.

ही बिअर तिची होती. म्हणजे तीन वर्षं ती दुसऱ्यांच्या कृतीने बनवत होती. ही पहिली, जिची कृती तिने स्वतः बसवली होती. तीत हॉप्स भरपूर घातले होते. हॉप्स म्हणजे थंड देशांतल्या एका वेलीची फुलं. वाळवून, दाबून त्यांच्या हिरव्या गोळ्या येतात, गुरांच्या पेंडीसारख्या दिसतात. बिअरला कडूपणा येतो तो त्यांचा. नेहमीच्या बिअरचा कडूपणा मोजला तर दहा-पंधरा भरतो, हिचा सत्तर, असं तिने सांगितलं. दहा दिवस ती विकायला ठेवली होती आणि लोक अर्धे अर्धे ग्लास परत करत होते.

"सोमवारी नवीन टाकी लावायची आहे," ती म्हणाली. "मालक म्हणतात हॉप्स निम्मे कर. निम्मे केले तर ती दुसरीच कुठली तरी बिअर होईल. पण ग्लास परत येतायत हेही मी डोळ्यांनी बघत्येय. मला ठरवता येत नाहीय, बाबा. तुम्ही चाखा. तुम्ही वाईट म्हणालात तर मी निम्मे करीन, कुरकुरणार नाही."

"मला बिअरमधलं काय कळतं?"

"तुम्हाला कडू कळतं."

ते मात्र खरं. हंगामात दिवसाला चाळीस-बेचाळीस नमुने माझ्या जिभेवरून जातात. यंत्रात साल किंवा कोय दळली गेली तर रस कडू होतो. यंत्रं गोडी मोजतात, आंबटपणा मोजतात, पण तो बारीक कडूपणा आधी जिभेला कळतो, आणि मी 'थांबवा' म्हटलं की अख्खी टाकी थांबते. मुलगी हे ऐकतच मोठी झाली. तिचा विश्वास त्या 'थांबवा'वर होता. मला त्याची थोडी भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी बाजारात गेलो. आपल्या राज्यात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि एका दिवसाचा परवाना दारूच्या दुकानात मिळतो, हे मला वाचून माहीत होतं. दुकानदार तोंडओळखीचा निघाला.

"काका, तुम्ही? काय देऊ?"

"परवाना. एक दिवसाचा."

"आणि?"

"आणि काही नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग खणात परवान्यांचं पुस्तक शोधायला लागला. ते बरंच खाली होतं. मागे उभा असलेला एक गृहस्थ म्हणाला, "काय हो, कागद भाजून खाणार काय?"

घरी आल्यावर बायकोने तो कागद उलटसुलट बघितला. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की कारखान्यात करतो तसंच करणार, तोंडात घोळवणार आणि थुंकणार. म्हणजे माझा 'नाही' शाबूत राहणार होता.

"थुंकायला परवाना आणलात?" ती म्हणाली. "धन्य आहे. मी आपली मागील दारी जाते, खोबरं वाळत घातलंय. दारूचा तो घाण वास मला सोसायचा नाही. झालं की हाक मारा, आणि आधी खिडक्या उघडा."

आम्ही स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभं राहिलो. तापमापी मी कारखान्यातून मागून आणली होती, तशी नोंद करून. नऊ अंश. काचेचा पेला सोड्याने धुऊन कोरडा केला. तपासणीचा रिकामा तक्ता घरी असतोच. त्यात रंग, वास, चव, मागाहून राहणारी चव आणि शेरा असे रकाने असतात. रंगापुढे मी लिहिलं: जुन्या तांब्याचा, किंचित गढूळ. फेस दोन बोटं. वासापुढे लिहिलं: तीव्र, ओळखीचा वाटतो, नाव सांगता येत नाही.

मग घोट घेतला. सवयीप्रमाणे पाच सेकंद जिभेच्या पुढच्या भागावर फिरवला आणि बेसिनमध्ये थुंकला.

कडू. लहानपणी जंतांसाठी सकाळी अनशापोटी किराईत देत असत, त्याची आठवण आली. हिरड्या आवळल्या गेल्या.

"कोय दळली गेल्यासारखी लागते," मी म्हटलं. "हा माल मी सोडला नसता."

ती बाटलीचं बूच शोधायला लागली. ते तिच्या समोरच होतं, तरी दिसेना. मग एकदम थांबून तिने बेसिनकडे बघितलं.

"बाबा, तुम्ही थुंकलात?"

"मग? नमुना गिळतात काय गो?"

"बिअर गिळतात! रसाचं वेगळं, हिचं वेगळं. हिचा कडूपणा घशाशी जाऊन पुरा होतो, आणि वास गिळल्यावर मागून नाकात येतो. तिकडे आम्ही तपासताना कोणीच थुंकत नाही." तिचा आवाज चढला होता. "तुम्ही अर्धीच तपासलीत. अर्धी तपासून नापास केलीत."

सत्तावीस वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. मी तक्त्याकडे बघितलं. खाली 'तपासणार' असं छापलेलं होतं आणि तिथे माझी सही यायची होती. एका बाजूला माझा 'नाही' होता. दुसऱ्या बाजूला अर्ध्या तपासणीवरची सही, आणि त्या सहीवर मुलगी आपली पहिली बिअर निम्मी करणार होती. फार विचार करावा लागला नाही. मी मनगटावरचं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं, मोठा घोट घेतला आणि गिळला.

पुढचं जसं घडलं तसं सांगतो.

पहिले तीन-चार सेकंद फक्त गार. मग कडूपणा जिभेच्या मुळाशी उठला आणि चढतच गेला. दहाव्या सेकंदाला वाटलं, आता बस. तो थांबला नाही. पंधराव्याला डोळ्यांत पाणी आलं. किराईत एका जागी बसून राहतं, शिक्षा दिल्यासारखं. हा कडूपणा सरकत होता, दोन्ही गालांच्या आत पसरत होता, आणि त्याला कडा होत्या. विसाच्या आसपास तो उतरायला लागला, आणि उतरताना जागा स्वच्छ करत गेला, जसं भरतीचं पाणी मागे जाताना वाळू सपाट करतं. तोंडात काही उरलं नाही. मी नाकाने श्वास सोडला.

अठ्ठाविसाव्या सेकंदाला आंब्याचा चीक आला.

चीक म्हणजे काय हे बागेत काम केलेल्यालाच नीट माहीत. फळ काढताना देठ तुटला की चिळकांडी उडते ती. अंगावर पडली तर कातडी भाजते, फळावर ओघळली तर डाग पडतो. देठ ठेवून आंबा काढायचा, पेटीत भरताना देठ खाली करायचा नाही, हे सगळं त्या चिकासाठी. अख्खा हंगाम आम्ही त्याला दूर ठेवण्यात घालवतो. पण त्याचा वास! एप्रिलमधल्या सकाळी बागेत शिरलं की पिकल्या फळाच्याही आधी तो येतो, हिरवा, धारदार, पपनसाच्या सालीसारखा, थोडा रॉकेलकडे झुकणारा. तोच वास माझ्या नाकामागे उभा होता. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं. मोहोरालासुद्धा दोन-अडीच महिने होते.

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी आणखी एक घोट घेतला, पुन्हा मोजलं. सत्तावीस. तिसऱ्यांदा अठ्ठावीस. कुठल्या तरी थंड डोंगरावरची वेल, जिने आंब्याचं झाड कधी पाहिलं नाही, ती आमच्या बागेतला वास पोटात घेऊन आली होती आणि तो कडूपणाच्या पलीकडे लपवून ठेवला होता. अंगावर काटा आला. देवळात गेल्यावरही मला हल्ली इतकं गप्प व्हायला होत नाही.

तरी लिहायला माझा हात उचलेना. आपल्याच मुलीची बिअर, आणि आपणच तपासणार. बाप आहे म्हणून मला आंबा दिसत असला तर? एका जिभेचं म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. बायको वाळलेल्या खोबऱ्याने भरलेलं सूप घेऊन आत आली, उंबऱ्यातच थांबली आणि नाक वर केलं.

"चीक कसला येतोय? या दिवसांत कैरी कोणी तोडलीन?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी तिला हाताने गप्प केलं.

"नीट सांग," मी बायकोला म्हटलं. "कसला वास?"

"आता चीक म्हणजे चीक! देठाचा. नाक आहे मला." मग तिला ओट्यावरचा पेला दिसला. ती जवळ आली, वाकली, हुंगलं, आणि सूप खाली ठेवायचं विसरून तशीच उभी राहिली. "हिच्यातून येतोय? काय घातलंन हो हिने त्यात?"

"फुलं," मुलगी म्हणाली, आणि रडायला लागली. मग हसायला.

मी तक्ता पुढे ओढला. चवीपुढे लिहिलं: कडू, खूप. मागाहून राहणाऱ्या चवीपुढे: अठ्ठाविसाव्या सेकंदाला आंब्याचा चीक, तीन वेळा पडताळला, न सांगता दुसऱ्या व्यक्तीलाही वास ओळखता आला. शेरा: कडूपणा कमी करू नये, तो उतरल्याशिवाय पुढचं कळत नाही. लोक ग्लास परत करतात ते बहुधा तिथवर थांबत नाहीत म्हणून. त्यांना थांबायला सांगावं. खाली सही केली.

तो कागद ती सोबत घेऊन गेली. सोमवारी दुपारी तिचा फोन आला. मालकांनी तक्ता दोनदा वाचला, 'तपासणार कोण?' असं विचारलं, आणि एक टाकी पूर्ण हॉप्सची लावायला हो म्हटलं. एकच. खपली तर पुढचं बघू.

तीन आठवड्यांनी तिने फोटो पाठवला. त्यांच्या दारातल्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं: 'पहिला घोट गिळा आणि वीसपर्यंत मोजा.' मी लगेच फोन लावला.

"अठ्ठावीस लिहून दिले होते मी. वीस कुठून आले?"

"बाबा," मागे बऱ्याच लोकांचा गलका होता, त्यामुळे ती ओरडूनच बोलत होती, "वीस म्हटलं की लोक हळूहळू मोजतात. त्यांचे वीस होईस्तोवर अठ्ठावीस सेकंद होतातच. मी घड्याळ लावून बघितलंय."

या वर्षीच्या अर्जात 'मद्यपान'च्या रकान्यापुढे मी लिहिलं: एकदा, अंदाजे दोनशे मिलि, परवाना होता. कारखान्याच्या डॉक्टरांनी मान वर करून विचारलं, कशी होती? तिथे लिहायला जागा उरली नव्हती. मी त्यांना तोंडी सांगितलं, आणि बाहेर लोक खोळंबले होते तरी त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मुलगी काय काम करते तेही मी सांगितलं, जसं आहे तसं.