भेट म्हणून दिलेला रविवार

परभणीचा अंबरीश दूर उत्तरेतल्या एका शहरात, सेक्टर ३९च्या संशोधन संस्थेत जिवाणू वाढवत होता आणि मनीमाजऱ्याच्या भाड्याच्या खोलीत स्वतः वाळत होता. फेलोशिप मिळायची, कधी मिळेल हे विचारणं मात्र असभ्यपणाचं मानलं जाई.

अशा माणसाने भेटवस्तूंच्या फंदात पडू नये. पण अंबरीशला सगळीकडे आमंत्रण असायचं, कारण तो खुर्च्या उचलायला मदत करी. मनीमाजऱ्याच्या बाजारातून तो फोटोफ्रेमा सहा-सहाच्या गठ्ठ्याने आणून ठेवी. लग्न असो, बारसं असो, गृहप्रवेश असो, फ्रेम ठरलेली. तिच्यात आधीपासूनच एक गोरंगोमटं परदेशी कुटुंब हसत असे. बऱ्याच घरांत ते अजूनही हसतंय.

मग एकदा मोबाइलवर त्याच्या वाचनात आलं की भेट महाग नको, विचारपूर्वक दिलेली हवी. झालं, अंबरीश विचार करू लागला. गाइड सर रोज अकराला उगवत, म्हणून त्यांना त्याने गजराचं घड्याळ दिलं. खोलीतला जोडीदार निमिष, त्याच्या मोज्यांना वास येई, म्हणून त्याला पायाला लावायची पावडर, वर लाल रिबीन बांधून. सरांनी हसून आभार मानले आणि पुढचे चार महिने अंबरीशच्या एकाही कागदावर वेळेत सही झाली नाही. निमिष महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. मोजे मात्र बोलत राहिले.

त्याला भानावर आणलं ते शेजारच्या टेबलावरच्या ओजस्विनीने. ती सांगलीची, पाच वर्षं इथे काढून बोलण्यात निम्मी हिंदी मुरलेली.

"यार अंबरीश, तू माणसाच्या उणिवा बघून गिफ्ट देतोस. त्याला काय हवंय ते बघ ना. बघायला पैसे थोडेच लागतात?"

एवढं बोलून ती आपल्या फ्लास्ककडे वळली आणि अंबरीश तिच्या प्रेमात पडला. तोंडाने सांगायची छाती नव्हती. म्हणून त्याने ठरवलं की तिच्या वाढदिवसाला अशी भेट द्यायची की तिचं तिलाच कळेल.

महिनाभर त्याने तिच्याकडे खरोखर लक्ष दिलं. तिचा प्रयोग असा, की फ्लास्कमधल्या जिवाणूंची वाढ सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत दर तासाला मोजायची. आणि जिवाणूंना सुट्टीचा वार ठाऊक नसतो. आठ महिने तिला एक धड रविवार मिळाला नव्हता. "एक दिवस तरी बाहेर उंडारायला मिळू दे," असं ती दर सोमवारी म्हणे. बाकीचे माना हलवून चहाला जात. अंबरीशच्या मनात ते जाऊन बसलं.

शनिवारी वाढदिवस आला. त्याने घरी कापलेल्या कार्डावर लिहिलं होतं: 'उद्याचा दिवस तुझा. सात ते सात मी मोजतो.' ते वाचून तिचे डोळे भरून आले. "इतकं छान गिफ्ट मला आजवर कुणी दिलं नाही. पक्का येशील ना?" अंबरीश रात्रभर तरंगत होता. दुपारी ती डबा घेऊन येईल, दोघं जिन्यात बसून जेवतील, इथपर्यंत त्याने ठरवून टाकलं.

रविवारी सातला ती नोंदवही द्यायला आली, तेव्हा खाली गेटपाशी मोटरसायकलवर एक तरुण थांबला होता. "शंतनू. मोहालीत सॉफ्टवेअरमध्ये आहे," ती लाजत म्हणाली. "कसौलीला जातोय आम्ही. तीन वेळा बेत फिसकटला, या जिवाणूंमुळे."

तिने काही लपवलं नव्हतं. तिला काय हवंय ते महिनाभर शोधणाऱ्या या विचारवंताने, कुणाबरोबर हवंय, एवढंच विचारलं नव्हतं.

फ्लास्क उन्हात ठेवून द्यावा असं त्याला दोनदा वाटलं. ठेवला नाही. पावणेचारला रडू आलं, ते चारच्या मोजणीपर्यंत आवरलं. तेरा मोजण्या झाल्या आणि एकही आकडा चुकला नाही. इतका प्रामाणिक मूर्ख त्या इमारतीत दुसरा नसेल.

सातला ओजस्विनी परत आली, वाऱ्याने गाल लाल झालेले. नोंदवही बघून म्हणाली, "तू ग्रेट आहेस रे. एक सांग ना. पुढच्या महिन्यात शंतनूचा वाढदिवस आहे आणि माझी फेलोशिप अडकलीये. थोडक्या पैशांत काय देता येईल? तुला यातलं आता छान कळतं."

काहीतरी फुटकळ सांगून सूड उगवायला ही उत्तम वेळ होती. फोटोफ्रेम म्हणाला असता तरी चाललं असतं. पण अंबरीशने विचार केला, आणि दुर्दैवाने मनापासून केला.

"हेल्मेट दे," तो म्हणाला. "त्याच्या हेल्मेटचा पट्टा तुटलाय. सकाळी खिडकीतून दिसलं."

"अरे हो का? माझ्या लक्षातच आलं नाही."

"आणि दोन घे. तू उघड्या डोक्याने गेली होतीस. पैसे कमी पडले तर मी घालतो."

ओजस्विनी त्याच्याकडे बघत राहिली. ती काहीतरी विचारणार होती, पण तेवढ्यात खालून हॉर्न वाजला.