तेलाच्या थेंबांमागे धुळ्यापर्यंत

माझ्या आईला, यशोदाबाईला, ट्रॅक्टर चालवता येत नव्हता आणि तिच्यादेखत तो नीट चालवणं कोणालाच जमत नव्हतं. बांधावर उभी राहून ती नुसत्या आवाजावरून सांगायची, फाळ खोल गेलाय, इंजिन दमतंय, वर घे. नाही घेतला तर ढेकळं तुडवत येऊन सरळ ट्रॅक्टरपुढे उभी राहायची. पुढ्यात उभ्या राहिलेल्या आईला काय करणार? मी फाळ वर घ्यायचो आणि मनातल्या मनात चरफडायचो.

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यातलं, सोनगीरहून आत वळलं की चार मैलांवर. वडिलांनी चौऱ्याऐंशी साली जुना ट्रॅक्टर घेतला आणि दुसऱ्याच वर्षी ते गेले. भाऊबंद म्हणाले, विकून टाक, बाईमाणसाला लोखंडातलं काय कळतं. आईनं सगळ्यांना चहा पाजला, पानसुपारी दिली आणि ट्रॅक्टर ठेवला. घरची जमीन कोरडवाहू, एका बैलजोडीपुरती थोडकी. लोकांची शेतं नांगरून द्यायची, त्यावर घर चालायचं. उन्हाळ्यातले दोन महिने ट्रॅक्टर फिरला की वर्ष निभायचं. नाही फिरला तर काय, हा प्रश्न तोवर आला नव्हता.

तो सत्याऐंशीच्या चैत्रात आला. नांगरटीआधी ऑइल बदलून आण म्हणून आईनं मला धुळ्याला पाठवलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार मोठा ड्रायव्हर समजत होतो. हिलाल मिस्तरींच्या गॅरेजात भिकन नावाचा चाळिशीचा कारागीर होता, त्यानं ट्रॅक्टर घेतला. मी काम बघत थांबलो नाही. बाजारात गेलो, एक पांढरा टेरिकॉटचा शर्ट घेतला आणि तिथेच अंगात घातला. परत आलो तेव्हा काम झालेलं होतं. चावी घेतली, निघालो.

सोनगीर जवळ आलं, किल्ला दिसायला लागला आणि चढावर इंजिनातून खडखड ऐकू आली. मग एक कर्कश आवाज आणि मग काहीच नाही. इंजिन जाम झालं होतं. खाली वाकून पाहिलं, तर तेल सोडायचा खालचा प्लग जागेवरच नव्हता. सगळं तेल वाटेत गळून गेलेलं. एका ट्रकवाल्यानं दोर बांधून ट्रॅक्टर सोनगीरच्या पेट्रोलपंपापर्यंत ओढून दिला. मी धुळ्याला निरोप धाडला आणि घरी गेलो.

आईनं ऐकून घेतलं. ओरडली नाही. रात्री तिनं कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी भाजून फडक्यात बांधल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं की उद्या काहीतरी लांबचं काम काढलेलं आहे.

सकाळी आई आणि मी पंपावर गेलो, तिथे हिलाल मिस्तरी मोटरसायकलवर हजर झाले. माणूस कामाचा, पण तोंडानं तिखट. त्यांनी ट्रॅक्टरखाली हात घालून पाहिलं आणि हात पुसत म्हणाले, "अक्का, प्लग आम्ही आवळूनच दिला होता. देवभान्याजवळ मोरीचं काम चालू आहे, तिथल्या डायवर्जनला सगळे दगडधोंडे आहेत. दगड लागून प्लग निघाला. आणि तुमच्या पोरानं ऑइलचा मीटर पाहिला नाही. पाहिला असता तर इंजिन वाचलं असतं."

"मीटर बरोबर होता," मी म्हणालो. खोटं बोललो. मीटरकडे मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

आईनं वाकून प्लगच्या रिकाम्या भोकाकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "हिलालभाऊ, दगड डायवर्जनवर लागना, तवयपासून तेल गळनं. आसंच ना?"

"असंच."

"मंग डायवर्जनना धुयाकडना अंगले तेल दिसनं, ते चूक तुमनी. नही दिसनं, ते आमनी. मी सडक देखत येस."

डायवर्जनच्या धुळ्याकडच्या बाजूला तेल सापडलं, तर चूक गॅरेजची, एवढा साधा हिशेब. मिस्तरी हसले. बारा मैल रस्ता, वर ट्रकांची रीघ, आणि ही बाई तेलाचे थेंब मोजत येणार! "या, या," म्हणाले, "जेवायच्या वेळेपर्यंत पोचा," आणि किक मारून निघून गेले.

मला मात्र हसू आलं नाही. एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. डायवर्जनच्या आधी, धुळ्याच्या बाजूला, सुपडूभाऊचं चहाचं हॉटेल होतं. आदल्या दिवशी मी तिथे थांबलो होतो. ट्रॅक्टर उभा करून बाकावर बसलो, दोन चहा प्यालो, शर्ट कोणाकोणाला दिसतोय ते पाहिलं. निघताना सुपडूभाऊ म्हणाला, खालून तेल टपकतंय, बघ जरा. मी म्हणालो, नवं तेल आहे, भरताना सांडलं असेल. बघायचं तर रस्त्यावर पाठ टेकून ट्रॅक्टरखाली शिरावं लागलं असतं, आणि शर्ट नवा होता. बस, एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर सांगायला मला बरं वाटलं असतं.

मी ही गोष्ट तिथेच पंपावर सांगितली असती, तर मिस्तरींचं म्हणणं त्याच क्षणी खोटं पडलं असतं, कारण तेल डायवर्जनच्या आधीच गळत होतं. पण मग माझंही बिंग फुटलं असतं. मी आईच्या मागे चालायला लागलो.

ती रस्त्याच्या कडेनं, पदर डोक्यावर घट्ट ओढून, वाकून वाकून चालत होती. हमरस्त्यावर तेलाचे डाग काय कमी असतात? पण तिला आमचे ओळखू येत होते. जुने डाग करडे, सुकलेले. आमचे अजून ओले, धूळ बसलेले, आणि ठरावीक अंतरानं पडलेले. अर्ध्या मैलात ती तरबेज झाली. "आठे तू जोरमा व्हता," ती म्हणाली, थेंब लांब लांब होते म्हणून. "आठे बैलगाडी आडवी उनी व्हई," कारण तिथे थेंब जवळजवळ होते. खरंच बैलगाडी आडवी आली होती. मला घाम फुटला, आणि ऊन अजून वर आलंही नव्हतं.

"बसनं जाऊ ना, माय," मी दोनदा म्हणालो. "ऊन लागेल तुला."

"तू जाय बसनं," ती म्हणाली. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.

डायवर्जन आलं. तिथे डांबरी रस्ता तोडलेला होता आणि बाजूनं माती-खडीचा कच्चा रस्ता काढलेला. त्यात एकही डाग दिसेना, मातीनं सगळं पिऊन टाकलेलं. आई त्या धुरळ्यातून पार पलीकडे गेली, डांबर पुन्हा सुरू झालं तिथे खाली बसली आणि तळहातानं धूळ बाजूला सारली. ओला डाग. चार पावलांवर दुसरा. पुढे तिसरा.

ती उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता, की वडील गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. "देख, अभिमन! दगड काय लागना नही. तेल धुयाथीनच गळत वनं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मिस्तरीनी तुन्हावर उगाच आळ लिन्हा." तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हातानं मला जेवढं शरमल्यासारखं झालं, तेवढं पुढे शिव्यांनीही झालं नसतं. आता तरी इथून बस पकडू, असं मी म्हणणार होतो. काम तर झालंच होतं. पण समोर सुपडूभाऊचं हॉटेल दिसत होतं, आणि थेंब जवळजवळ येत त्याच्याच दिशेनं चालले होते.

हॉटेलासमोर ताटाएवढा काळा डाग होता, त्यावर राख टाकलेली. सुपडूभाऊ स्टोव्हला पंप मारत होता. मला पाहून तो उत्साहानं बाहेर आला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

"हाऊच पोऱ्या व्हता ना ट्रॅक्टरवर? काय व्हयनं मंग? मी सांगं व्हतं याले, खालथीन तेल टपकी ऱ्हायनं म्हनीसन. गिऱ्हाईक घसरी पडी म्हनीसन मीच राख टाकी."

आई डागाकडे पाहत होती. "मंग काय बोलना हाऊ?"

"म्हने, नवं तेल शे, सांडेल शे."

आईनं दोन चहा सांगितले. आपला चहा तिनं शांतपणे, बशीत ओतून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. माझा माझ्यापुढे गार होत राहिला. मग तिनं फडकं सोडलं, एक भाकरी मला दिली, एक स्वतः खाल्ली, आणि आम्ही निघालो. तिथून धुळ्यापर्यंत ती मागे वळून न बघता माझ्यापुढे चालत राहिली. थेंबही आता तिनं बोटानं दाखवले नाहीत. ते विरळ विरळ होत गेले, तरी नागावच्या पुढेपर्यंत होते. थेंब चुकतील म्हणून नाही, तर मला चालायला लागावं म्हणून ती चालत होती, असं मला त्या उन्हात वाटलं. आजही तसंच वाटतं.

गॅरेजात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मिस्तरी जेवून आडवे झाले होते, ते उठून बसले. आईनं पाणीसुद्धा मागितलं नाही. डायवर्जनच्या या बाजूला कुठे कुठे डाग आहेत, ते तिनं एकेक ठिकाण नाव घेऊन सांगितलं. हॉटेलवाला साक्षीदार आहे म्हणाली, तुमच्या गाडीवर बसून आत्ता चला आणि डोळ्यांनी बघा. मिस्तरी गेले नाहीत. त्यांनी भिकनला हाक मारली.

"कालच्या ट्रॅक्टरचा प्लग तू लावला होता ना? आवळला होता का?"

भिकन हात पुसत उभा राहिला. त्याला खुशाल हो म्हणता आलं असतं. प्लग तर वाटेत पडून हरवलेला, कोण सिद्ध करणार होतं? तो म्हणाला, "हातानं फिरवून बसवला, शेठ. पाना लावणार, तेवढ्यात एक जीप आली, तिच्याकडे गेलो. परत येऊन पाना लावला की नाही, आठवत नाही. नसेलच लावला."

मिस्तरींनी त्याला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. भिकननं पान्यांची पेटी जागेवर नेऊन ठेवली आणि भिंतीशी जाऊन बसला. त्याची तीन लेकरं शाळेत होती, हे मला नंतर कळलं. मिस्तरी आईकडे वळले. "अक्का, चूक आमची. इंजिन सगळं मी करून देतो. तुम्ही काही देऊ नका."

आम्ही जिंकलो होतो. आई मात्र माझ्याकडे पाहत होती.

"अभिमन, तुले काही सांगानं शे का?"

गॅरेजात सगळे होते. भिकनही वर पाहत होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते माझ्या जिभेवर होतं.

"नाही," मी म्हणालो.

आईनं मान हलवली. मग मिस्तरींना म्हणाली, "हिलालभाऊ, हॉटेलवालानी याले सांगं व्हतं, तेल टपकी ऱ्हायनं. याले माहीत व्हतं. तरी यानी हाकला. प्लग तुमना गया, पन इंजिन यानी जाळं. सामान मी आनी देसू. मजुरी तुमनी."

मी शर्टाच्या बटनाशी चाळा करत उभा होतो. मला आईचा राग आला होता, हे खरं आहे. सगळं फुकट होत असताना आपणच आपल्या पोराला चारचौघांत उघडं पाडायचं, ही कुठली रीत? घरी परतताना सबंध वाटभर मी तोच राग धरून बसलो होतो. शरमेपेक्षा राग सोपा असतो, तो दुसऱ्यावर करता येतो.

सामानासाठी आमची दुभती म्हैस गेली. इंजिन उघडून, बेअरिंगं बदलून, पुन्हा बसवेपर्यंत साडेतीन आठवडे गेले. तोवर नांगरटीची निम्मी कामं दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी नेली. घरात कोरा चहा सुरू झाला, आणि आईनं त्याबद्दल मला एकदाही ऐकवलं नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, तीन दिवस आधी ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला. मी धावत बाहेर आलो, म्हटलं धुळ्याहून कोणीतरी पोचवायला आलं असेल, चावी घ्यावी. सीटवर भिकन होता. पाठीमागे त्याची कपड्यांची पिशवी अडकवलेली होती. आई दारात उभी होती, तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तिनंच निरोप पाठवून त्याला बोलावलं होतं. आजपासून ट्रॅक्टर हा चालवील म्हणाली.

माझा तोल गेला. गल्लीतले लोक ऐकताहेत याचंही मला भान राहिलं नाही. "ज्यानं प्लग आवळला नाही, ज्याच्यापायी इंजिन गेलं, त्याच्या हातात ट्रॅक्टर देतेस? आणि मी घरात बसू? हा विसरला होता, माय! हा!"

आई माझ्यावर ओरडली नाही. भिकनला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात तिनं सांगितलं.

"तो इसरना. पन इचारं तवय त्यानी सांगी दिन्हं."

भिकनदादानं पाणी प्यायलं, ट्रॅक्टरखाली उताणा पडून प्लगला पाना लावून पाहिला आणि नांगर जोडला. आई नेहमीसारखी पुढे बांधावर जाऊन उभी राहिली. मी गोठ्यातले बैल सोडले आणि त्यांना पाण्यावर घेऊन गेलो.