पेन्सिलीतले शेवट

मुलींनी सिनेमाला जायचं नाही, हा मॉरिशसमधल्या आमच्या घरचा कायदा. थोरला भाऊ मात्र पोर्ट लुईला सरकारी कचेरीत कारकून. शनिवारी हिंदी सिनेमा पाहूनच तो आमच्या गावी, नुव्हेल फ्रांसला परतायचा आणि थिएटरच्या दारात विकायची गाण्यांची पुस्तिका माझ्यासाठी आणायचा. वर नटीचं चित्र, आत गाणी आणि अर्धीच कथा. ऐन रंगात आली की ‘पुढे पडद्यावर पाहा’ म्हणून छापणारे मोकळे! माझा नुसता संताप व्हायचा. मग भाऊ त्याखाली पेन्सिलीने शेवट लिहून देऊ लागला. पदरचंही घालायचा. दुष्ट सासू त्याच्या हातून कधी सुटली नाही.

या पुस्तिका मी पत्र्याच्या पेटीत जपल्या. भाऊ तापाने गेला, तेव्हा त्याच्या हातचं तेवढंच उरलं.

लग्न होऊन मी कार्तिए मिलितेरला आले. आमची वेगळी खोली झाल्यावर पेटी आणायचं ठरवलं. गणपतीला सासरहून सोडलं नाही, म्हणून विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माहेरी गेले. पेटीत आईच्या गोधड्या होत्या.

‘‘माझी लिव कुठं? ती गाण्यांची पुस्तकं?’’

‘‘अगो, समदी बुरसली. देवाची अक्षरं ती, उकिरड्यात कशी टाकू? काल गणपतीसंगं नदीत सोडली. हळदकुंकू वाहून.’’

आईला वाचता येत नव्हतं. संध्याकाळच्या बैठकेत, गावच्या शाळेत, आम्हाला शिकवत ती देवनागरी अक्षरं म्हणजे पोथी, एवढंच तिला ठाऊक. तिच्यावर ओरडायचं तरी कशासाठी? हळदकुंकू वाहिलं म्हणून? मी नदीवर धावले. दगडांना लगदा चिकटला होता. तो खरवडत मी ढसाढसा रडले.

पुढे त्याच पुस्तिका शोधायचं वेड लागलं. जुन्या बाजारात, ओळखीच्यांच्या माळ्यावर, मिळेल तिथून आणल्या. नवरा म्हणायचा, छंद आहे तिला. कसला छंद! पुस्तिका तीच, चित्र तेच, आणि शेवटच्या ओळीखाली कोरा कागद.

मग नवऱ्याबरोबर तेच सिनेमे पाहिले. वाटलं, पाहता पाहता भावाने लिहिलेलं आठवेल. उलटंच झालं. पडद्यावरचे शेवट डोक्यात घट्ट बसले आणि त्याचे एकेक करून निघून गेले. आता त्यातला एकही मला धड सांगता येत नाही.