एकाच नावाचे दोन ब्रेक

तिच्या नजरेतून एकही चूक सुटत नसे, म्हणून कचेरीत तिला सगळे 'चाळणी' म्हणत. घरीही तेच नाव चिकटलं होतं. लिफ्टदुरुस्तीची पुस्तकं स्क्रीनवर चढवायचं तिचं काम. पुस्तकातल्या प्रत्येक भागाला वाचणाऱ्याला न दिसणारं एक नाव द्यायचं, म्हणजे मेकॅनिकने बोट टेकवलं की तोच भाग उघडतो. नावाची सुरुवात आकड्याने करायची नाही, मध्ये जागा सोडायची नाही आणि एका पुस्तकात एकच नाव दोन भागांना द्यायचं नाही. यावरून तिने भल्याभल्यांची हजेरी घेतली होती.

त्या सकाळी जुन्या आणि नव्या लिफ्टची पुस्तकं जोडून तिने एकच पुस्तक केलं. आपापल्या जागी दोन्ही बिनचूक होती. एकत्र आली आणि 'ब्रेक' नावाचे दोन भाग निघाले. तपासणाऱ्या प्रोग्रामने लाल रेघ मारली. साहेब मागेच उभे होते. "एका रेघेने काय आभाळ कोसळतंय? पाठवा." राग साहेबांचाच येतो, पण बटण दाबलं तिनेच. कुणापुढे न वाकणारी बाई नेमकी तेव्हा वाकली.

जेवणाच्या सुट्टीत वहिनीचा फोन आला. दादा लिफ्टचा मेकॅनिक. बोलता बोलता ती म्हणाली, "हे गेलेत जुन्या लिफ्टचा ब्रेक बघायला. नवं पुस्तक आलंय म्हणून खुशीत होते."

तिचा घास तोंडातच राहिला. एका नावाचे दोन भाग असले की पहिलाच उघडतो, आणि पहिला होता नव्या लिफ्टचा. तिथे लिहिलेलं, ब्रेक सरळ सोडा. जुन्या लिफ्टची मात्र आधी केबिन साखळीने बांधून ठेवावी लागते, नाहीतर दोराचं चाक गरगर सुटतं. दादाचे हात त्या चाकापाशीच असणार.

दादाचा फोन वाजून वाजून बंद झाला. मग वहिनीकडून पत्ता घेऊन तिने त्या इमारतीच्या रखवालदाराला फोनवर गाठलं.

"बाई, ते वर आहेत. मध्येच हाक मारलेली त्यांना खपत नाही."

"खड्ड्यात गेलं खपणं! जिना चढा आणि ओरडा, चाळणी म्हणतेय, हात काढ!"

फोनवर नुसती पावलं आणि धाप. शेवटी दादाचा आवाज आला.

"काय गं? पाना लावलाच होता."

"दादा, पुस्तक चुकलंय. मला माहीत होतं, तरी पाठवलं मी."



"जुना ब्रेक असा सोडत नाहीत, हे कळत होतं गं मला," तो म्हणाला. "पण म्हटलं, चाळणीने चाळलंय, म्हणजे मीच चुकत असेन."