रेंज नसलेल्या पाड्यावरचा नंबर

ती बाई मला आजही आठवते. नोकरीत भेटलेली बहुतेक माणसं त्यांनी केलेल्या गुन्ह्यामुळे लक्षात राहिली. ही राहिली ती न केलेल्या गुन्ह्याची कबुली दिली म्हणून.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. भिवंडी तालुक्याच्या ग्रामीण भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल चाळत बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार परराज्यातल्या पोलिसांना घेऊन आत आला. एक फौजदार, दोन शिपाई आणि एक महिला शिपाई. रात्रभर गाडीत बसून आले होते. स्टेशन डायरीला त्यांच्या येण्याची नोंद घ्यायला लावली आणि चहा सांगितला.

त्यांच्याकडे एका निवृत्त शिक्षकाची फिर्याद होती. कोणीतरी पोलीस असल्याचं भासवून त्या म्हाताऱ्या माणसाला तीन दिवस व्हिडिओ कॉलवर घरातच कोंडून ठेवलं आणि आयुष्यभराची बचत काढून घेतली. कॉल भारतीय नंबरवरून आला होता, म्हणून त्यांचा विश्वास बसला. तो नंबर गणेशपुरीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरच्या आदिवासी बाईच्या नावावर होता. आणि नंबर चालू होता आग्नेय आशियातल्या एका देशात.

"सर, सिम इसी के नाम पर है। अंगूठा इसी का, फोटो इसी का," फौजदार फॉर्मची प्रत पुढे सरकवत म्हणाला. त्याला तिला घेऊन जायचं होतं.

आपल्याकडचं सिम परदेशात चालवायचं तर त्यावर रोमिंग सुरू करून घ्यावं लागतं. मग तिथल्या टॉवरला ते सिम लागलं की तिथली कंपनी इथल्या कंपनीला कळवते. त्याची नोंद राहते. ती नोंद मी पाहिली. सिम पहिल्यांदा फोनमध्ये पडलं तेव्हा अकरा मिनिटं ते भिवंडीजवळ, गोदामांच्या मानकोलीतल्या टॉवरवर होतं. मग दोन दिवस बंद. तिसऱ्या दिवशी थेट परदेशात.

तो पाडा मला माहीत होता. तिथे फोनला रेंजच नाही. बोलायचं असेल तर पाण्याच्या टाकीमागच्या टेकाडावर चढावं लागतं. अशा ठिकाणच्या बाईचं सिम विदेशात फिरतंय, हे ऐकून खरं तर मला तिच्याबद्दल शंका यायला नको होती. पण पोलिसाचं डोकं उलटं चालतं. जिथे कोणी बघणार नाही अशी जागा मुद्दाम निवडली असेल, असं मला वाटलं.

माझ्या हवालदाराने आणखी एक माहिती काढली. बाईचा नवरा मानकोलीच्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करत होता. आता मला संशय राहिला नाही, खात्रीच झाली. हवालदार गोदामात पोचला, तर खाकी वर्दी बघताच नवऱ्याने मागच्या कुंपणावरून उडी मारली. हायवेच्या कडेला रिक्षात बसताना सापडला. निर्दोष माणूस पळत नाही, असं मी तेव्हा अगदी छातीठोकपणे म्हणायचो.

बाईला दुपारी ठाण्यात आणलं. कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी. नियमाने बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायला हवा होता. मी घेतला नाही. पाहुण्या फौजदारासमोर आपलं ठाणं ढिलं दिसू नये, हा एक भाग. दुसरा भाग असा की ठाण्याच्या भिंतींचा दबाव मला हवा होता.

"हा फोटो तुझा?"

"माजाच हाय."

"मग सिम कुठे आहे?"

तिने पदराच्या गाठीतून एक साधा फोन काढून टेबलावर ठेवला. त्यातला नंबर वेगळाच होता.

"हे नाही. दुसरं सिम."

"दुसरा न्हाय साहेब. येकच हाय. अंबाडीच्या नाक्याव घेतला."

दीड तास ती एवढंच सांगत राहिली. नवऱ्याला पलीकडच्या खोलीत बसवलं होतं. तोही "मना काय ठाव न्हाय"च्या पुढे जाईना. पळाला का, तर घराच्या वाशांसाठी सागाचं एक झाड तोडलं होतं आणि जंगलखात्याचे लोक आले असं त्याला वाटलं. मला हे कारण तयार करून आणल्यासारखं वाटलं.

मग मी ती गोष्ट केली, जी आम्ही सगळेच करत आलो होतो. बाईच्या समोर बसलो आणि म्हणालो, "तुझ्या नवऱ्याने कबूल केलंय. सिम त्यानेच मानकोलीला नेऊन दिलं. आता तू खोटं बोलून काही उपयोग नाही."

हे खोटं मी पूर्वीही कितीतरी वेळा बोललो होतो. समोरचा माणूस चिडतो, शिव्या घालतो, आणि रागाच्या भरात खरं बोलून जातो. बाई चिडली नाही. तिने मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"तो तसा म्हनला?"

"हो."

"मंग मीच दिला असा लिवा. त्याला काय ठाव न्हवता. त्याला सोडा."

मी लेखनिकाला खूण केली. त्याने कागद ओढला. फौजदाराच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. केस सुटली होती. जबाबात तपशील लागतो, म्हणून मी सवयीने विचारलं, "कोणाला दिलंस?"

"व्हता येक मानूस."

"कसा होता? जाड, बारीक?"

ती माझ्याकडे बघत राहिली. कोणतं उत्तर मला हवंय, ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होती.

"सिम विदेशात कुठे पाठवायचं ठरलं होतं?"

"वापीला," ती म्हणाली.

लेखनिकाचा हात थांबला. वीटभट्टीच्या कामाला तिच्या ओळखीचे लोक गुजरातेतल्या वापीला जात. तिच्या दृष्टीने लांबचं ठिकाण तेच. विदेश या शब्दाला तिच्या जगात जागाच नव्हती, आणि मी त्या शब्दावर तिचा अंगठा घ्यायला निघालो होतो.

तो कागद मी फाडायला लावला. खुर्ची पुढे घेतली आणि त्या दिवशीचा पहिला नीट प्रश्न विचारला. "नाक्यावर सिम घेतलंस, तेव्हा काय काय झालं? सुरुवातीपासून सांग."

तिने सांगितलं. रस्त्याच्या कडेला छत्री लावून बसलेल्या एका विक्रेत्याने अंगठा घेतला, फोटो काढला. मग म्हणाला, अंगठा उठला नाही. थोडा वेळ बस. मुलीला बिस्किटाचा पुडा दिला. मग परत अंगठा घेतला, परत फोटो काढला आणि एक सिम हातात दिलं.

मी फोन कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे पोलिसांना माहिती पुरवणाऱ्या माणसाला, फोन लावला. तातडीचा ईमेल केला. त्या विक्रेत्याने महिनाभरात सुरू केलेल्या सगळ्या नंबरांची यादी मागितली. ती येईपर्यंत हवालदार विक्रेत्याला घेऊन आला. तिशीतला, बोलायला चटपटीत.

"साहेब, बाईने दोन सिम घेतली ना. एक तिला, एक नवऱ्याला. कायद्याने चालतं की. पुढे ते कुठे गेलं, मला काय माहीत?"

तसं बघितलं तर उत्तर बिनतोड होतं. तेवढ्यात यादी आली. त्यात बावीस माणसं अशी होती, की प्रत्येकाच्या नावावर दोन सिम सुरू झाली होती. दोन्हींत सात-आठ मिनिटांचं अंतर. पहिलं सिम गावातच. दुसरं थोडा वेळ मानकोलीत, आणि मग परदेशात.

मी यादी त्याच्यासमोर ठेवली. एका नावावर बोट ठेवलं. अंबाडीजवळच्या गावातली, दोन्ही डोळ्यांनी अधू असलेली एक म्हातारी. हवालदार तिला ओळखत होता.

"हिचा नवरा कधीच वारला. हिने दुसरं सिम कोणासाठी घेतलं?"

त्याने यादी बाजूला सारली. मग म्हणाला, "पाणी मिळेल का साहेब?"

पाणी प्यायल्यावर त्याने सगळं सांगितलं. मानकोलीच्या एका गाळ्यातला माणूस दर शनिवारी स्कूटरवरून येऊन सिम घेऊन जायचा आणि गाळ्यात त्यांवर रोमिंग सुरू करून घ्यायचा. मानकोलीची हद्द आमची नव्हती. तिथल्या ठाण्याला कळवून दुसऱ्या दिवशी सकाळी संयुक्त छापा घातला. गाळ्यात लग्नपत्रिकांचे गठ्ठे होते. प्रत्येक पत्रिकेच्या घडीत सेलोटेपने चिकटवलेली सिम. सहलीला निघालेल्या पर्यटकांना तो गळ घालायचा, की मित्राच्या घरचं लग्न आहे, तेवढ्या पत्रिका तिकडे पोचवा. लोक आनंदाने नेत. नंतर ती माणसंही आम्हाला साक्षीदार म्हणून भेटली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पोलिसांबद्दल तोच संशय होता, जो माझ्या चेहऱ्यावर त्या बाईबद्दल होता. परराज्यातला फौजदार तिच्याऐवजी विक्रेत्याला आणि गाळ्यातल्या माणसाला घेऊन गेला.

कागदोपत्री ही चांगली कामगिरी होती. माझ्या सेवापुस्तकात तिची नोंद आहे. पण मला सांगायचं आहे ते छाप्याच्या आदल्या संध्याकाळचं.

विक्रेत्याने कबुली दिल्यावर मी नवरा-बायकोला माझ्या खोलीत बोलावलं. तुमची काही चूक नाही, घरी जा, असं सांगितलं. बाई उठली नाही.

"पन यानं कबूल केला म्हनलात ना?"

"नाही. तो काही बोलला नव्हता. मीच तसं म्हणालो."

"तो न्हाय बोलला, मंग तुमी कशाला बोललात? तो सुटावा म्हनून मी माज्याव घेतला."

"चौकशीत असं करावं लागतं," असं मी पुटपुटलो. नवरा आतापर्यंत खाली बघत उभा होता. बायकोने आपल्यासाठी गुन्हा अंगावर घेतला, हे त्याला त्याच क्षणी कळलं. आणि त्याच्या आधी, आपणच तो गुन्हा केला यावर तिने विश्वास ठेवला, तेही.

शेवटची एसटी निघायची होती म्हणून मी त्यांना आमच्या जीपने स्टँडवर सोडायला सांगितलं. ते नको म्हणाले. अंगणात मुलीला खांद्यावर घेताना तो हळूच बायकोला म्हणाला, "तुला खरंच वाटला, मी असा केला?"

तो पुढे, ती मागे, असे ते फाटकाबाहेर गेले.

मी खिडकीपाशी उभा होतो, म्हणून मला ते ऐकू आलं. पोलिसाला संशय घ्यावाच लागतो. त्याशिवाय काम होत नाही, हे मी आजही म्हणेन. पण त्या दुपारी मी माझा संशय वापरून झाल्यावर तो परत घेतला नव्हता. तो त्या दोघांबरोबर पाड्यावर गेला होता. त्यानंतर नोकरीत होतो तोवर "दुसऱ्याने कबूल केलंय" हे वाक्य मी चौकशीत वापरलं नाही. हाताखालच्या मुलांनी वापरलं, तर त्यांना थांबवलं. काहींना तो म्हातारपणाचा हळवेपणा वाटला.

खटल्यात साक्ष द्यायला बाई आली, तेव्हा मी निवृत्त झालो होतो आणि मलाही साक्षीला बोलावलं होतं. कोर्टाच्या व्हरांड्यात ती एकटीच बसली होती. नवरा का आला नाही, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही.